टीमने एकत्र राहावे, ही विनंती

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, हे आपलं फार जुनं धोरण. पुण्यातल्या आमच्या सोसायटीने त्यात थोडी दुरुस्ती केली. साहस आपल्याच सोसायटीने करावं, मात्र ते समोरच्या बागेत, रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत आटोपेल असं असावं आणि शेवटी पोहे असावेत. हा ठराव वार्षिक सभेत बहुमताने मंजूर झाला. विरोध फक्त ट्रेझररबाईंचा होता, तोही पोह्यांच्या खर्चाला.

ही कल्पना सी विंगच्या वहिनींच्या मुलाची. त्याने टीव्हीवर फिजी बेटांतली साहसी शर्यत पाहिली. 2019 सालच्या त्या 'इको-चॅलेंज'मध्ये भारताचीही टीम होती, 'खुकुरी वॉरियर्स', आणि तिची धुरा देहरादूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणींकडे होती. दोघी 2013 साली बरोबरीने एव्हरेस्टवर जाऊन आलेल्या. मुलाचं म्हणणं असं, की दोन बहिणी आठ-आठ दिवस एका होडीत भांडण न करता बसू शकतात, तर आपल्याला दीड तास काय अवघड आहे? हा मुलगा एकुलता एक आहे, हे इथे सांगितलं पाहिजे.

या शर्यतींचा उगमही पाहण्यासारखा आहे. जेरार फ्युझिल नावाच्या फ्रेंच पत्रकाराने 1989 साली न्यूझीलंडमध्ये पहिली 'रेड गोल्वाज' भरवली. पाचजणांची टीम, त्यात एक तरी बाई हवीच, हातात नकाशा आणि होकायंत्र, आणि दिवसरात्र डोंगर चढायचे, नद्या ओलांडायच्या. फुप्फुसांची अशी परीक्षा घेणाऱ्या या शर्यतीला पैसा पुरवला होता एका सिगारेट कंपनीने. गोल्वाज हे त्या सिगारेटचंच नाव. हे ऐकल्यावर आमच्या प्रायोजकांबद्दल मला काही वाटेनासं झालं. आमच्याकडे एक डेअरी, एक चष्म्याचं दुकान आणि एक हाडांचे डॉक्टर आले होते. डॉक्टरांनी पैसे देताना विचारलं, "अडथळे साधारण किती उंचीचे असतील?"

बागेच्या कार्यालयात परवानगीचा अर्ज घेऊन सेक्रेटरी आणि मी गेलो. छापील अर्जात कार्यक्रमाच्या प्रकारापुढे योगवर्ग, हास्यक्लब, वाढदिवस आणि चित्रीकरण एवढेच पर्याय होते. साहसाला चौकोन नव्हता. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा वर केला.

"शर्यत म्हणजे पळणार का?"

"थोडंसं."

"पळायला मनाई आहे. पाटी वाचली नाही?"

पाटी आम्ही वाचली होती. आमच्या बागेत गवतावर चालू नये, बसू नये, खेळू नये, फुले तोडू नयेत, डबे आणू नयेत आणि प्राणी आणू नयेत. या पाटीचं पालन करून बागेत जे शिल्लक उरतं त्याला आपण फेरफटका म्हणतो. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. कागदोपत्री आमची शर्यत 'वृक्ष ओळख कार्यक्रम' झाली. कागदावर वृक्ष आले, म्हणून नकाशावरून गाठायच्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे पॉइंटवर, झाडाचं नाव लिहायची एक परीक्षाही घालावी लागली, आणि माझ्या मते ती सबंध शर्यतीतली सगळ्यांत कडक परीक्षा ठरली. बुचाच्या झाडाखालून वर्षानुवर्षं फुलं वेचणाऱ्या माणसांनी त्याच्यापुढे 'अशोक' लिहिलं. कैलासपतीला एका टीमने 'फणस (जंगली)' म्हटलं. कंसातला आत्मविश्वास मला आवडला.

नकाशा हा या खेळाचा प्राण. तळमजल्यावरचे काका निवृत्त इंजिनियर, त्यांनी तो अंगावर घेतला. ओपनस्ट्रीटमॅपवर बागेची बाह्यरेषा फुकट मिळते. आतल्या वाटा, बाकं, कट्टे, बंद कारंजं हे सगळं काकांनी पावलं मोजून भरलं. प्रमाण धरलं 1:2000, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर वीस मीटर. अडीचशे मीटर लांबीची बाग साडेबारा सेंटिमीटरमध्ये बसली आणि साध्या ए-फोर कागदाच्या उरलेल्या जागेत प्रायोजक बसले. नकाशा देखणाच झाला. फक्त काकांचा हट्ट होता की पर्वतीची दिशा वरच्या बाजूला यावी, कारण त्यांच्या गॅलरीतून ती तशीच दिसते. वरच्या बाजूला उत्तरच हवी, हे पटवण्यात एक अख्खी सभा गेली. होकायंत्राच्या बाबतीत मात्र आपल्यावर देवाची कृपा आहे. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात आपल्या भागात नावापुरताच फरक पडतो. न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांच्या घरात जातो आणि बिचाऱ्यांना दर वेळी हिशेब करावा लागतो. आपल्याकडे सुईचं लाल टोक जिकडे, तिकडे उत्तर. एवढं सोपं असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

नकाशा घेऊन धावायचा खेळ तसा स्वीडिश लोकांचा. तिथल्या एर्न्स्ट किलांडर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1919 साली स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवून तो नावारूपाला आणला. गोल धावपट्टीवर पळायला पोरं कंटाळली होती, म्हणून त्याने त्यांना रानात सोडलं. आम्ही मात्र रचना घेतली ऑस्ट्रेलियातली, जी तिथे 1976 च्या सुमाराला रुजली. तिच्यात अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेला असतो. बागभर पॉइंट टांगायचे, जवळच्याला दहा गुण, लांबच्याला तीस, आणि दीड तासात जमतील तेवढे गोळा करून परत यायचं. उशीर झाला की मिनिटागणिक पाच गुण कापायचे. नवख्यांसाठी यासारखी सोय नाही. कोणी शेवटचा येत नाही, कारण सगळे एकाच वेळी येतात. हळू चालणारी आजी दोन पॉइंट करूनही शर्यत 'पूर्ण' करते आणि आयोजकाला अकरा वाजेपर्यंत कोणाची वाट बघत उन्हात उभं राहावं लागत नाही. हा दुसरा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

नोंदणी सुरू झाली आणि लक्षात आलं की पुण्यात नवखा माणूसच नाही. फॉर्मवर 'पूर्वानुभव' हा रकाना होता. त्यात लोकांनी 'हरिश्चंद्रगड, 1987' असं लिहिलं. 'कात्रज ते सिंहगड, रात्री' हे तर दर तिसऱ्या फॉर्मवर. एका गृहस्थांनी 'पर्वती, 103 पायऱ्या, रोज' असं लिहून पुढे 'गुडघ्याच्या ऑपरेशनपूर्वी' अशी प्रामाणिक तळटीप दिली. पत्रकावर 'नवशिक्यांसाठी' छापलं होतं तोवर एकही नाव आलं नाही. त्या जागी 'सर्वांसाठी' छापलं आणि सायंकाळपर्यंत यादी भरली. याच पुण्यात सह्याद्रीच्या कुशीत 'एन्ड्युरो'सारखी तिघातिघांच्या टीमची खरीखुरी साहसी शर्यत वर्षानुवर्षं भरत आली आहे. तिच्यात सायकल आहे, डोंगर आहे, नदी आहे. तिच्याबद्दल विचारलं तर हेच गृहस्थ म्हणतात, "जायचंच होतं, पण त्या आठवड्यात एक लग्न होतं."

टी-शर्टाबद्दल मी थोडक्यात लिहिणार नाही. आयोजनातला निम्मा वेळ त्यात गेला. रंगावर तीन पक्ष पडले. प्रत्येक रंग कुठल्या ना कुठल्या राजकीय पक्षाने आधीच घेऊन ठेवलेला असल्यामुळे अखेर राखाडीवर समझोता झाला. मग आली मापं. फॉर्मवर सगळ्या सोसायटीचं माप 'मीडियम' होतं. ज्यांना लिफ्टमध्ये पाहून आपण पुढच्या फेरीला थांबतो, त्यांचंही मीडियम. शिवणाऱ्याने यादी पाहून विचारलं, "शाळेचं काम आहे का?" वाटपाच्या दिवशी प्रत्येकाचं एकच म्हणणं: कापड आटलंय. न धुतलेलं कापड आटल्याची ही पहिलीच घटना असावी.

बाकीचं साहित्य स्वस्तात जमलं. जागतिक नियमाप्रमाणे पॉइंटची खूण म्हणजे तीस सेंटिमीटर बाजूची, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांची निशाणं असतात. ए विंगच्या मावशींनी ती जुन्या चादरींतून शिवली. पॉइंटवर पोचल्याचा पुरावा म्हणून कार्डाला विशिष्ट आकाराचं भोक पाडायचं असतं. आम्ही प्रत्येक निशाणाला वेगळ्या रंगाचा खडू दोरीने बांधला. हा उपाय दोन्ही हातांनी उचलावा असा आहे, फक्त पिवळा खडू टाळा, पांढऱ्या कार्डावर तो कोणालाच दिसत नाही आणि भांडणं होतात. अडथळ्यांत एक 'विषारी नदी' होती: दोन फळ्या, चारजण, जमिनीला पाय न लावता वीस फूट पार करायचं. फळ्या रंगकामाच्या परांचीच्या होत्या. दुसरं काम तंबू उभारायचं. तिसरं म्हणजे चौघांनी कमरेला एकच दोर बांधून झाडांमधून वळणं घेत जायचं. बर्फ, क्रेप बँडेज आणि इलेक्ट्रॉल घेऊन बी विंगच्या नर्सबाई कारंज्यापाशी बसल्या. त्यांच्याकडे दिवसभरात एकच केस आली, तीही पोह्यातली मिरची खाल्लेल्या मुलाची.

आणि नियम. टीम चौघांची, त्यात एक चौदाच्या आतलं मूल आणि एक पन्नाशीच्या पुढचं माणूस. मोबाइल जमा. शिवाय सगळ्यांत महत्त्वाचा, या खेळाचा जगन्मान्य नियम: टीमने एकत्र राहायचं. पॉइंटवर चौघं दिसल्याशिवाय गुण नाहीत. मी हा नियम 'टीममधील सदस्यांनी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहावे' असा लिहिला होता. सेक्रेटरींनी लाल रेघ मारली. त्यांच्या मते ए विंगच्या वहिनींची हाक स्वारगेटपर्यंत जाते.

सकाळी साडेसहाला शिट्टी वाजली. त्याच क्षणी गवतापलीकडच्या हास्यक्लबाने रोजच्या वेळेवर हात वर करून गडगडाटी हसायला सुरुवात केली. चौदा टीम जागच्या जागी थबकल्या. राखाडी मीडियममध्ये आपण कसे दिसतो हे प्रत्येकाने खाली वाकून पाहिलं.

त्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत मला मराठी कुटुंबाबद्दल जे कळलं ते एरवी चाळीस वर्षांच्या शेजारातही कळलं नसतं. नकाशा कोणाच्या हातात, यावर टीमचं सगळं ठरतं. तो वडिलांच्या हातात असेल तर तो सतत त्यांच्याच हातात राहतो आणि बाकीचे तिघे बागेत फिरायला आल्यासारखे मागून चालतात. नवराबायकोंच्या हातात मिळून असेल तर मधोमध फाटतो. मुलाच्या हातात दिला तर बरोबर जागी नेतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला तीन पॉइंट जावे लागतात. एका टीममधली दहा वर्षांची मुलगी नकाशा फिरवून समोरच्या वाटेशी जुळवून धरत होती. नकाशा वाचायची हीच शास्त्रशुद्ध पद्धत, आपण वळलो की कागदही वळवायचा. तिचे बाबा तिला सारखे म्हणत होते, "सरळ धर ना, सरळ!"

मोबाइल काढून घेतल्यावर माणूस माणसाला विचारतो, हे गृहीत धरायला हवं होतं. टीम येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारू लागल्या आणि पुण्यात पत्ता विचारला की समोरचा आधी तुमची परीक्षा घेतो. सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी एका टीमला पॉइंट नंबर चारचा रस्ता इतका तपशिलात सांगितला की ती टीम बागेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून दूध घेऊन परत आली. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी नकाशाच मागून घेतला, त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि तो आपल्याबरोबर घरी नेला.

पॉइंट नंबर सात वडाखाली होता. नारिंगी-पांढरं निशाण पारावर टेकवलेलं. सातच्या सुमाराला तिथून जाणाऱ्या कोणी भाविक बाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं असावं. पुढच्यांनी ते पाहून फूल ठेवलं. पावणेआठला मी तपासणीला गेलो तेव्हा तिथे अर्धा नारळ, उदबत्ती आणि दोन रुपयांची तीन नाणी होती, आणि एक टीम बूट काढून रांगेत उभी होती. त्यांना खडू हवा होता, पण देवाजवळचा खडू उचलावा की नाही यावर चौघांत मतभेद होते. सहा रुपये ट्रेझररबाईंनी पावती फाडून जमा करून घेतले.

विषारी नदीवर तर गर्दी जमली. युक्ती अशी, की चौघांनी एका फळीवर उभं राहायचं, मागची फळी पुढे सरकवायची, मग सगळ्यांनी तिच्यावर यायचं. यात ताकद लागत नाही, एकाने आकडे म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे एवढंच लागतं. व्यायामशाळेत जाणाऱ्या दोन तरुणांची टीम इथे वीस मिनिटं अडकली, कारण मोठे तिघेही आकडे म्हणत होते. पन्नाशीचं माणूस म्हणून त्यांनी व्यायामशाळेच्या मालकांना घेतलं होतं आणि चौदाच्या आतला म्हणून त्यांच्या भाच्याला. भाचा एकटाच नदी ओलांडून पलीकडच्या बाकावर चिक्की खात बसला होता.

त्या चिक्कीमुळेच बागेतला काळा कुत्रा या टीममागे लागला. आमच्या सोसायटीत कुत्र्यांना खायला घालणारे आणि त्याविरुद्ध अर्ज देणारे असे दोन गट आहेत, त्यामुळे हा विषय नाजूक होता. पण सी विंगच्या वहिनींच्या मुलाला तोंडपाठ माहिती होती. 2014 साली इक्वेडोरमध्ये जागतिक साहसी शर्यतीत मिकाएल लिंडनॉर्ड या स्वीडिश स्पर्धकाने एका भटक्या कुत्र्याला मांसाचा एक गोळा दिला, आणि तो कुत्रा चिखल, डोंगर तुडवत शेवटपर्यंत टीमबरोबर आला, होड्या सुटल्या तेव्हा पाण्यात उडी टाकून मागे पोहत आला. त्यांनी त्याचं नाव आर्थर ठेवलं, स्वीडनला नेला, आणि 2024 साली त्याच्यावर हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. हे ऐकून खायला घालणाऱ्या गटाने काळ्याला टीमचा पाचवा सदस्य जाहीर केलं. विरोधी गटाने तिथल्या तिथे नियमावलीतलं 'टीम चौघांची' हे कलम काढून दाखवलं. कुत्र्याने बारा पॉइंट केले. कोणत्याही दोन पायांच्या स्पर्धकापेक्षा ते जास्त होते.

जिंकलं कोण, हे सांगितलं पाहिजे. दोन शाळकरी बहिणी, त्यांचा मामा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक कॅशियर बाई. त्या धावल्या नाहीत, मामा धावला नाही आणि मुलींना त्यांनी धावू दिलं नाही. बाईंनी सुरुवातीलाच कट्ट्यावर बसून कार्डाच्या मागे गुणांची बेरीज मांडली आणि अमुक वाजता कुठेही असलो तरी परत फिरायचं, हे ठरवून टाकलं. दोन लांबचे पॉइंट त्यांनी सोडून दिले. इतर टीम शेवटच्या तीस गुणांसाठी पळाल्या आणि आठ मिनिटं उशिरा येऊन चाळीस गुण घालवून बसल्या. तंबू फक्त त्यांचाच उभा राहिला, कारण सूचनेचा कागद त्यांनी आधी वाचला. ही गोष्ट पुरुषमंडळींना सांगून उपयोग नसतो, म्हणून मी ती इथेच लिहून ठेवतो.

निकाल लागल्यावर पोहे थंड होईपर्यंत आक्षेप चालले. एकाचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. एकाला पिवळा खडू मिळाला होता. हाडांचे डॉक्टर काहीसे नाराज दिसले. पण सबंध सोसायटी दीड तास एकमेकांना धरून चालली आणि त्यात पार्किंगचा विषय एकदाही निघाला नाही, ही नोंद पुढच्या सभेच्या इतिवृत्तात आहे.

तुमच्या भागात अशी शर्यत भरवायची असेल तर मोठं मैदान, नदी, डोंगर काही लागत नाही. एक बाग, चुकला तरी न रागावणारा नकाशेकाका, खडूंची पेटी आणि आकडेमोड करणाऱ्या एक बाई पुरतात. आमची पुढची शर्यत थंडीत, डिसेंबरात आहे. नोंदणी सुरू झाली आहे. कृपया टी-शर्टाचं माप खरं लिहावं.